बाईंना दाखवलेलं घर

मी शाळेत एकदाच गेलो, तेही भिंतींना चुना लावायला. अक्षरं पुढे धाकट्या पोरीच्या पाटीवर शिकलो. तिची सुधारली, माझी तशीच राहिली. तेव्हा वाचताना कुठं अडखळलात तर दोष माझा, पाटीचा नाही.

धंदा रंगाऱ्याचा. अंधेरीला एका स्टुडिओत पडदे रंगवायचो. हिरोइनीच्या बापाचा दिवाणखाना, संगमरवरी खांब, वर जाणारा जिना. जिना वर कुठंच जायचा नाही, पण दिसायचा झकास. दिवसभर असले महाल उभे करायचे आणि संध्याकाळी मरोळच्या रस्त्यावरच्या बैठ्या चाळीत येऊन एका खोलीत चटईवर बसायचं. बायको, मी, पोरगा आणि धाकटी. अंधेरी तेव्हा नुकतीच मुंबईत घेतली होती. आम्हाला काही फरक पडला नव्हता. संडासाची रांग तेवढीच होती.

मग स्टुडिओच्या मालकाचा पिक्चर पडला आणि त्याच्याबरोबर आम्हीही पडलो. मी घरी बोललो नाही. बोलायचं होतं, पण मी चाळीतला विदूषक. संध्याकाळी ओट्यावर माणसं माझ्याकडे हसायला यायची. कामावरून काढलेल्या माणसाकडे हसायला कोण येतंय? म्हणून रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि मरोळकडे जाताना एक चिंचेचं झाड होतं, त्याच्याखाली बसायचो. डबा तिथं पोचल्या पोचल्या खाऊन टाकायचो. बेकार माणसाला भूक लवकर लागते. कधी कुणाचं फाटक रंगवून दे, कधी कुणाच्या खिडकीचे गज, तेवढ्यावर घर ढकलत होतो. बायकोला सांगितलेलं, मालक पगार तुकड्यातुकड्यानं देतो. तिला पटलं. मी सांगितलेलं तिला पटायचं, हाच तिचा दोष.

पोरगं बारा वर्षांचं. एका दुपारी त्यानं मला चिंचेखाली पाहिलं. मी बैलगाडीवाल्यांना हवालदाराची नक्कल करून दाखवत होतो, ते लोटपोट झालेले. पोरगं रस्त्यापलीकडे दप्तर घेऊन उभं. मी हात केला, ते आलं नाही. घरी गेल्यावर आईला एका शब्दानं बोललं नाही. मला वाटलं, शहाणं आहे.

शाळेची फी तटली होती. मास्तर त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. मी म्हणायचो, बघतो. मग तेही दुपारचं तिकडंच भटकताना दिसायला लागलं, बरोबर खाणीकडची दोन पोरं. मी काय बोलणार? बापच शाळा चुकवून झाडाखाली बसलेला.

एक दिवस जवळ आलं आणि माझ्या हातात भज्यांचा पुडा ठेवला.

"खा."

"तू?"

"मी खाल्ली."

मी खाल्ली. कुठून आणलीस, विचारलं नाही. विचारेपर्यंत भजी गार झाली असती, असं मी नंतर कुणाला तरी गमतीत सांगायला गेलो होतो. अर्ध्यात विषय बदलला. तसे पुडे पुढेही आले आणि तेही मी खाल्ले.

पार्ल्याला एका नव्या बंगल्याचं काम चाललं होतं. तिथले पितळी नळ काढताना तीन पोरं दिसली. दोघं पळाली, आमचं सापडलं. लहान वय म्हणून लॉकअपमधून त्याला रिमांड होममध्ये नेलं. चौकीवरच्या हवालदारानं मला धीर दिला. "रडू नकोस. पोरांचं कोर्ट वेगळं असतं. तिथल्या एक बाई येतील, तुझं घर बघतील, शेजाऱ्यांना विचारतील. घर बरं असलं तर पोरगं परत देतील."

यातलं शेवटचं वाक्य त्यानं पदरचं जोडलेलं होतं. आम्ही नेमकं तेवढंच धरलं.

घर बघायला कुणी येणार म्हटलं की आमच्या लोकांना एकच गोष्ट करता येते. चाळीत लग्नाच्या मुली भरपूर. मुलगी बघायला माणसं यायची म्हणजे कुणाच्या खुर्च्या, कुणाचं तबक, कुणाची कपबशी, सगळं त्या खोलीत जाऊन बसायचं आणि संध्याकाळी आपापल्या घरी परतायचं. कुणी शिकवायची गरज नव्हती. मला वाटलेलं, पोरगं चोरीत सापडलं म्हणून लोक तोंड फिरवतील. उलट अख्खी चाळ पदर खोचून उभी राहिली. त्यांचं वाईट मी कधी बोलणार नाही. सगळी अक्कल माझी होती.

शेजारच्या मालवणच्या काकूनं कारभार हातात घेतला. "मेल्या, आधी भिंतीक रंग लाय. तुझी खोली बघून माकाच पळान जावसा वाटता."

"काकू, रंग आणू कुठून?"

"रंगारी तू आणि रंग माका इचारतंस?"

स्टुडिओच्या मागे अर्धेमुर्धे डबे पडलेले होते, ते वॉचमनला हसवून आणले. पिस्ता रंग दिला, खाली गडद पट्टा ओढला. समोरच्या खोलीतला कारकून सरकारी कचेरीत होता, चाळीत शिकलेला तेवढा तोच. त्यानं टेबल दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि टेबलावर आपली जाडजाड इंग्रजी पुस्तकं रचली.

मी म्हटलं, "अहो, तो मराठी सहावीत आहे."

"असू दे ना. घरात पुढचा विचार चालतो असं वाटेल."

मग माझ्यातला कारागीर जागा झाला. मागच्या भिंतीला, जिच्यापलीकडे गटार होतं, तिथं मी दांडी ठोकली आणि तिच्यावर फुलाफुलांचा पडदा सोडला. बघणाऱ्याला वाटावं, आत आणखी एक खोली आहे. बायको म्हणाली, "आणि कोणी पडदा बाजूला केला तर?"

"चांगल्या घरची माणसं पडदा बाजूला करत नाहीत."

"आणि आपण?"

"आपण गप बसायचं."

ती बसली. तिनं काकूच्या सुनेचं लुगडं नेसलेलं, गळ्यात कुणाची तरी बोरमाळ. तिला एकच पाहिजे होतं. पोरगं घरी. त्यासाठी तिला मी सर्कशीत उभी राहा म्हटलं असतं तरी राहिली असती.

बाई आल्या. आम्हाला वाटलेलं कुणी जाडजूड दरारा असलेली असेल. ही माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, खादीची साडी, हातात छत्री, चपला धुळीनं भरलेल्या. स्टेशनपासून चालत आलेल्या. आल्या आल्या पाणी मागितलं. आम्ही पाण्याबरोबर पोहे, चहा आणि चिवडा दिला. शेजारी सहज आल्यासारखे एकेक करून आत आले आणि भिंतीला टेकून बसले, अगदी नेहमीच्या जागा असल्यासारखे.

काकूनं तोंड उघडलं. "पोरगो वळणाचो हा हो. मान वर करून कोणाकडे बघूचो नाय. चार माणसांचा जेवाण एकटो रांधता."

बाईंनी विचारलं, "मुलगा स्वयंपाक करतो?"

"पुरणपोळीसुद्धा," काकू म्हणाली. तिची जीभ वर्षानुवर्षांच्या सवयीनं चालली होती. मी तिला पायानं ढोसलं.

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काम कुठं करता?"

"स्टुडिओत."

"कायम?"

"कायम म्हणजे काय, मालक सोडतच नाही."

लोक हसले. लोक हसले की माझं पुढचं वाक्य आपोआप येतं, ही माझी मोठी खोड.

"मुलाला घरी काही कमी पडतं का? खाणं, कपडे, पुस्तकं? फी भरता येते ना? स्पष्ट सांगा, सांगण्यात काही वाईट नाही."

बघा, बाईंनी दार उघडून धरलं होतं. नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. पण समोर कारकून बसलेला, काकू बसलेली, दारात निम्मी चाळ. आणि बायको, जिला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, आमच्या पोराला एकच गोष्ट कमी पडली. मार."

पुन्हा हशा.

"मग तो नळ का काढतो?"

"हातालाच सवय असेल. मामावर गेलाय."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिचा भाऊ गावी देवळात पुजारी. लोकांना तर हसू आवरेना. बाईंनी तिला थोडं बाजूला घेऊन विचारलं, तर ती बिचारी तिला ठाऊक असलेलं खरंच बोलली. नवऱ्याला काम आहे, पोराला शाळा आहे, कशाची ददात नाही. जाताना बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "घर छान ठेवलंय."

त्या वळणापलीकडे गेल्यावर चाळीत आनंद. काकू म्हणाली, "पसंत पडला." कारकून घड्याळ काढता काढता म्हणाला, "आता आठवड्यात पोरगं घरी." मला खांद्यावर थापा मिळाल्या. मी ओट्यावर बसून बाईंची नक्कल केली, छत्री कशी धरली आणि पोहे कसे एकेक दाणा खाल्ले ते. लोटपोट झाले सगळे.

कोर्ट म्हणजे साधी खोली होती. टेबलामागे मॅजिस्ट्रेट, पांढऱ्या केसांच्या बाई, आवाज मऊ. पोरगं आलं. रिमांडचा सदरा त्याला खांद्यावर मोठा होत होता. घर बघून गेलेल्या बाईंनी उभं राहून सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. घर चांगलं आहे. वडिलांना कायमची नोकरी आहे. शेजार सभ्य आहे. मुलाला कशाची उणीव नाही. म्हणजे गरजेपोटी चोरी केलेली नाही. वडील स्वतःच म्हणतात की त्याला हातचलाखीची सवय आहे आणि घरात धाक नाही. अशा मुलाला लगेच घरी सोडणं बरोबर होणार नाही, शिस्तीच्या शाळेत धाडावं.

आमची खोली जशी होती तशी बाईंनी बघितली असती, तर त्या उलट बोलल्या असत्या. चोर गरिबीनं झाला असता. मी पोहे खायला घालून त्याला जातीचा चोर ठरवला होता.

मॅजिस्ट्रेट बाईंनी त्याला विचारलं, "बाळ, घरी सगळं आहे ना?"

पोरानं माझ्याकडे पाहिलं. चिंचेखाली पाहिलं होतं तसंच. मग म्हणालं, "हो."

"मग नळ का काढलास?"

"असाच."

त्यांनी मला विचारलं, काही सांगायचंय का. आता चाळ नव्हती, काकू नव्हती. बायको बाहेर बाकावर होती. मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते हे: "माझ्यावर गेला असता तर बरं झालं असतं साहेब. मी तर काहीच करत नाही."

मॅजिस्ट्रेट बाई किंचित हसल्या. आयुष्यात एकदा मी खरं बोललो आणि त्याचाही विनोद झाला. पोरगं हसलं नाही. त्याला शहराबाहेरच्या सरकारी शाळेत धाडलं, सोळा वर्षांचं होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन निघालो नाही. बायकोनं विचारलं, कामावर जायचं नाही? मी सांगितलं, काम कधीचंच गेलं. भजी सोडून सगळं सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली, पाणी मारलं आणि म्हणाली, "हे तिथं बोलायला काय झालं होतं?" तिला उत्तर नको होतं, कारण ती लगेच पाण्याला गेली.

बाईंच्या कचेरीत जायला मला पुष्कळ दिवस लागले. रोज निघायचो आणि कुठंतरी फाटक रंगवायला सापडायचं. शेवटी गेलो तेव्हा त्या टेबलावर डबा उघडून जेवत होत्या. मला बघून झाकण लावलं.

मी म्हटलं, "बाई, त्या पडद्यामागे भिंत आहे."

त्यांना कळलं नाही. मग मी बसून सगळं सांगितलं. खुर्च्या कुणाच्या, घड्याळ कुणाचं, लुगडं कुणाचं. चिंच. फी. भज्यांपाशी आलो तेव्हा खाली बघून सांगितलं. चोरीचं आहे हे मला ठाऊक होतं आणि मी खात होतो, हे पहिल्यांदा कुणाला बोललो. नेहमीसारखा मधे एक विनोद सुचला होता, तो गिळला.

बाई भडकल्या. "अहो, आम्ही घर चांगलं आहे का ते बघायला येत नाही. घराला काय पाहिजे ते बघायला येतो. फी माफ झाली असती. दुपारच्या जेवणाची सोय बघितली असती. तुम्हाला कामासाठी चिठ्ठी दिली असती. महिन्यातून एकदा मी येऊन गेले असते आणि मुलगा घरीच राहिला असता."

"हो."

"मी त्याच्याविरुद्ध बोलले तिथं उभं राहून."

"तुमची काय चूक बाई?"

"पडदा बाजूला करायला हवा होता मी," त्या म्हणाल्या. त्यांच्या डब्यात भाकरी आणि चटणी होती. माझ्यामुळे तीही तशीच राहिली.

पण त्या कामाला लागल्या. वरच्या साहेबांना भेटल्या, पुन्हा मॅजिस्ट्रेटसमोर गेल्या. मला येऊन सांगितलं, देखरेखीखाली घरी सोडायला तयार आहेत, फी माफ होईल, फक्त मुलाशी एकदा बोलावं लागेल. बायकोनं ते ऐकून त्याचा सदरा धुऊन वाळत घातला. गणपतीच्या आत येईल का, एवढंच तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, बहुतेक.

शाळेत बाई आणि मी बरोबर गेलो. पोरगं शिवणाच्या खोलीतून आलं, केसांत दोऱ्याचे तुकडे. गालांवर थोडं मांस आलेलं. बाईंनी समजावून सांगितलं की आता घरी जाता येईल. त्यानं सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "काम लागलं?"

येताना मी ठरवलेलं की आता खोटं बोलायचं नाही. "नाही. फाटकं रंगवतो."

"धाकटी शाळेत जाते?"

"जाते. फी तटलीय."

त्यानं केसातला दोरा काढला, बोटाला गुंडाळला. "मग मी इथंच थांबतो."

बाई म्हणाल्या, "अरे, तुझी फी माफ होणार आहे."

"फीचं नाही. इथं दोन वेळ जेवण आहे. मी घरी गेलो तर आहे तेवढंच चौघांत वाटावं लागेल." मग एकदम कारागिरासारखं म्हणालं, "मशीनवर आत्ताच बसवलंय मला. सदरे शिकून येतो."

मी म्हटलं, "आई वाट बघतेय रे."

"तिला सांग, बाईंनी नाही म्हटलं. मी नाही म्हटलं असं सांगू नको. ती जेवणार नाही."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. पोरगं आत गेलं आणि थोड्या वेळानं मशीनचा आवाज सुरू झाला. त्याचाच असेल असं नाही, पुष्कळ मशीनं होती तिथं.

मी घरी येऊन पोरानं सांगितलं तसं सांगितलं. बाईंनी नाही म्हटलं. बायकोनं धुतलेला सदरा घडी करून ट्रंकेत ठेवला आणि त्या दिवसापासून बाईंना शिव्या सुरू झाल्या. ताटावर बसलं की सुरू. दुसऱ्याचं पोर अडवून ठेवते, हिला काय पोटचं असणार, हिच्या घरी पिठलंसुद्धा न शिजो. मी तिच्याच हातचं जेवायचो आणि ऐकायचो. एकदा म्हटलं, "जाऊ दे, नोकरी आहे तिची." तर म्हणाली, "तुम्ही गप राहा. तुम्ही बोललात की वाट लागते." खरंच होतं ते.

पुढे बाई एकदा घरी आल्या. भरदुपारी, तशाच चालत. धाकटीच्या शाळेत बोलून त्यांनी तिची फी माफ करून घेतली होती, तेच सांगायला आलेल्या. शिवाय म्युनिसिपालटीतल्या एका मुकादमाशी बोललेल्या, भिंती रंगवायच्या कामाला मला घ्यायचं म्हणून. बायको उंबऱ्यात उभी राहिली, या म्हणाली नाही. बाईंनी तिथंच उन्हात उभ्यानं सगळं सांगितलं.

बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरीची फी माफ केलीत, उपकार झाले. पण पोरगं माझं ठेवलंत ना अडवून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आत चटईवर बसलो होतो. नुसतं बोलायचं होतं, की बाईंनी नाही, पोरानंच नाही म्हटलं. कोर्टासारखंच इथंही खरं मी पोटात ठेवलं. पण या वेळी भीती माझ्या अब्रूची नव्हती. बायको जेवणार नाही याची होती. त्यामुळे मी चांगला झालो असं नाही, त्या बाईंच्या अंगावर शिव्या तेवढ्याच पडल्या.

बाई बायकोला म्हणाल्या, "हो. अजून थोडे दिवस ठेवावं लागेल त्याला. माझा नाइलाज आहे."

छत्री उघडून निघाल्या. मी चपला शोधत मागं धावलो, कोपऱ्यापर्यंत बरोबर चाललो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाला एक शब्द सापडेना. शेवटी बाईच म्हणाल्या, "रविवारी भेटायला जाणार असाल तर त्याला जुन्या कापडाचे तुकडे न्या. शिवून बघायला त्यांना कापड कमी पडतं." मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "आणि उन्हात कशाला आलात, जा घरी, त्या एकट्या आहेत."

मी गेलो. बायको परातीत तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काय म्हणत होती ती?"

मी म्हटलं, "जुनी कापडं मागितलीत पोरासाठी."

ती उठली, ट्रंक उघडली, आणि शिव्या देत देत चांगली चांगली कापडं काढायला लागली.